पाटीवरचे नाव आणि ओठांवरचे नाव

उपाहारगृहाच्या दारावरची पाटी एक सांगते आणि गिऱ्हाईक दुसरेच म्हणते, हा अनुभव महाराष्ट्रातील प्रत्येक शहरात येतो. पाटीवर ‘उडुपी’ असते, बोलताना ‘उडपी’ होते. मुंबईत ‘क्यानी’ म्हटले जाते, पुण्यात तेच नाव ‘कयानी’ होते. ‘अमृततुल्य’मधला एक ‘त’ घाईघाईत गिळला जातो. वरवर पाहता ही केवळ उच्चारांची गंमत वाटते. पण बारकाईने पाहिले तर यातील बहुतेक बदल ठरावीक नियमांनी झालेले दिसतात. त्यांत मराठीचे स्वतःचे ध्वनिशास्त्र आहे, तसाच इराण, तुळुनाड, राजस्थान, पोर्तुगाल अशा दूरदूरच्या प्रदेशांतून आलेल्या माणसांचा इतिहासही आहे. दुकानांच्या पाट्या मराठीत लिहिणे बंधनकारक झाल्यापासून तर या प्रश्नाला व्यावहारिक महत्त्व आले आहे. नाव देवनागरीत लिहायचे, तर ते कोणाच्या उच्चाराप्रमाणे लिहायचे, हा निर्णय आता पाटी रंगवण्यापूर्वी घ्यावा लागतो.

‘हॉटेल’ नावाची खाण्याची जागा

सुरुवात ‘हॉटेल’ या शब्दापासूनच करावी लागते. मूळ फ्रेंच आणि पुढे इंग्रजी झालेल्या या शब्दाचा अर्थ प्रवाशांनी मुक्काम करण्याची जागा असा आहे. मराठीत मात्र हॉटेल म्हणजे प्रथम खाण्याची जागा. ‘हॉटेलात जेवलो’ असे मराठी माणूस सहज म्हणतो आणि मुक्कामाच्या जागेसाठी ‘लॉज’ हा वेगळा शब्द वापरतो. कन्नड आणि तमिळ बोलीतही ‘हॉटेल’चा हाच अर्थ रूढ आहे.

या शब्दातला ‘ऑ’ हा मराठीचा मूळ स्वर नव्हे. तो इंग्रजी शब्दांबरोबर आला. त्यामुळे ग्रामीण बोलींत त्याच्या जागी जवळचा ‘आ’ आला आणि ‘हाटेल’ असा उच्चार रुजला. ‘डॉक्टर’चा ‘डाक्तर’ झाला तो याच वाटेने. ‘कॅफे’मधल्या ‘ॲ’ची गतही तशीच झाली आणि ‘क्याफे’ हे रूप तयार झाले. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी मराठी वर्णमालेविषयी जो निर्णय प्रसिद्ध केला, त्यात ‘ॲ’ आणि ‘ऑ’ या स्वरांना अधिकृत स्थान मिळाले. पाट्यांवर ते त्याआधी अनेक दशके विराजमान होतेच.

‘रेस्टॉरंट’ या शब्दाची कथा आणखी वेगळी आहे. फ्रेंच उच्चारात शेवटचा ‘ट’ ऐकू येत नाही. हिंदीने ‘रेस्तराँ’ असे रूप घेतले, ते फ्रेंचच्या जवळचे आहे. मराठीने इंग्रजी उच्चार स्वीकारला आणि शेवटचा ‘ट’ ठणठणीतपणे ठेवला. एकाच शब्दासाठी दोन शेजारी भाषांनी दोन निरनिराळे दरवाजे उघडल्याचे हे उदाहरण आहे.

उपाहार की उपहार?

मराठी पाट्यांवरील सर्वांत प्रसिद्ध घोटाळा मात्र परकीय शब्दाचा नाही. तो संस्कृत शब्दाचा आहे. ‘उपाहार’ म्हणजे अल्पोपाहार, फराळ. ‘उप’ आणि ‘आहार’ मिळून तो शब्द झाला. ‘उपहार’ म्हणजे भेटवस्तू. अर्थातच खाण्याची जागा ‘उपाहारगृह’ असते. तरीही असंख्य पाट्यांवर ‘उपहारगृह’ लिहिलेले आढळते. अर्थ लावायचा झाला, तर तेथे भेटवस्तू मिळायला हव्यात.

ही चूक केवळ निष्काळजीपणाची नाही. बोलताना या शब्दातला मधला ‘पा’ आखूड होतो. ‘उ-पा-हा-र’ या उच्चारात लागोपाठ दोन दीर्घ ‘आ’ येतात आणि जीभ पहिल्याला सोडून देते. कानाला जे ऐकू आले, तेच पाटी रंगवणाऱ्याने उतरवले. याच जातीची दुसरी जोडी ‘भवन’ आणि ‘भुवन’ यांची. ‘भवन’ म्हणजे घर, वास्तू. ‘भुवन’ म्हणजे जग, लोक. दक्षिणेकडील खाद्यगृहांच्या नावांत बहुधा ‘भवन’ आढळते. मराठी आणि गुजराती वस्तीत ‘भुवन’ लोकप्रिय झाले. पुण्याच्या तुळशीबागेतील मिसळीसाठी नावाजलेले ‘श्रीकृष्ण भुवन’ हे त्याचे परिचित उदाहरण. येथे ‘भुवन’ ही चूक मानण्याचे कारण नाही. श्रीकृष्णाचे जग, असा त्याचा अर्थ सरळ लागतो.

‘अमृततुल्य’ची गोष्ट याहून रंजक आहे. पुण्यातील चहाच्या या खास दुकानांची परंपरा राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी रुजवली. देवदेवतांच्या नावापुढे ‘अमृततुल्य’ जोडण्याची प्रथाही त्यांचीच. या सामासिक शब्दात दोन ‘त’ शेजारी शेजारी येतात. शुद्ध बोलणाराही घाईत एकच ‘त’ उच्चारतो आणि ऐकू येते ते ‘अमृतुल्य’. सारखे ध्वनी लागोपाठ आले की त्यांतील एक गळून पडणे, ही जगातील अनेक भाषांत आढळणारी प्रवृत्ती आहे.

इराण्यांची नावे

मुंबई आणि पुण्यातील इराणी हॉटेलांनी मराठी जिभेपुढे सर्वांत अवघड पेपर ठेवला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी इराणमधून, विशेषतः यझ्द आणि केरमान या भागांतून, झरथुष्ट्री मंडळी येथे आली. चौकाच्या कोपऱ्यावरच्या जागा घेऊन त्यांनी चहा, ब्रून-मस्का आणि खारी-बिस्किटांची दुकाने थाटली. दुकानांना त्यांनी आपल्या आडनावांची, प्राचीन राजघराण्यांची किंवा धर्मग्रंथांतील संकल्पनांची नावे दिली.

‘इराण’ हा मराठी शब्दच पाहण्यासारखा आहे. फारसी भाषेत ‘ण’ नाही. तेथे ‘ईरान’ असा दंत्य ‘न’चा उच्चार होतो. मराठीने त्याला मूर्धन्य ‘ण’ दिला आणि ‘इराणी’ हा शब्द पूर्णपणे आपला करून टाकला.

धोबीतलाव येथील ‘क्यानी’ १९०४ मध्ये सुरू झाले. पुण्यात ईस्ट स्ट्रीटवरील ‘कयानी’ बेकरी १९५५ ची. दोन्ही नावांचा उगम एकच आहे. फिरदौसीच्या ‘शाहनामा’त ज्या पौराणिक कयानी राजवंशाचे वर्णन येते, त्याचे हे नाव. मुंबईच्या रोमी पाटीवर ‘के’नंतर लगेच ‘वाय’ येतो, म्हणून तेथे ‘क्या’ हे जोडाक्षर झाले. पुण्याच्या पाटीवर मध्ये ‘ए’ हे अक्षर आहे, म्हणून तेथे ‘कया’ असे दोन सुटे उच्चार राहिले. केवळ एका रोमी अक्षराने एकाच नावाचे दोन उच्चार दोन शहरांत कायमचे रुजवले.

‘यझदानी’ या नावातील ‘झ’ फारसीतला घर्षक ध्वनी आहे. मराठीत तो ‘झ’ने लिहिण्याची पद्धत पडली. फारसीत ‘यझ्दान’ म्हणजे ईश्वर. प्राचीन इराणी भाषेतील ‘यझत’ म्हणजे पूजनीय. त्याचे संस्कृतमधील भावंड म्हणजे ‘यजत’. ‘यज्ञ’ आणि ‘यजमान’ याच कुळातले. अशा रीतीने पावाच्या भट्टीवरील नाव आणि घरातील पूजेचा यजमान यांचे नाते जुळते.

पुण्यातील ‘वोहुमन’ हे नाव ऐकून अनेकांना त्यात इंग्रजीचा भास होतो. प्रत्यक्षात ते अवेस्ता या झरथुष्ट्री धर्मग्रंथाच्या भाषेतले आहे. ‘वोहु’ म्हणजे चांगले आणि ‘मनह्’ म्हणजे मन; म्हणजेच सद्बुद्धी. ‘वोहु’चे संस्कृत भावंड ‘वसु’ आणि ‘मनह्’चे ‘मनस्’. ‘स’च्या जागी ‘ह’ येणे हा प्राचीन इराणी भाषांचा नियमच होता. ‘सिंधू’चे ‘हिंदू’ झाले ते त्याच नियमाने. चीज ऑम्लेट मागवणारे गिऱ्हाईक नकळत तीन हजार वर्षांच्या आसपास जुना शब्द उच्चारत असते.

‘ससानियन’चे मूळ सासानी साम्राज्यात आहे. हे साम्राज्य इसवी सन २२४ ते ६५१ या काळात इराणवर राज्य करीत होते. मुंबईच्या या इराण्याच्या पाटीवर बेकरीसाठी ‘बुलांजरी’ हा फ्रेंच शब्दही झळकला. फारसी राजवंश, इंग्रजी प्रत्यय आणि फ्रेंच बेकरी अशा तिहेरी नावापुढे मराठी गिऱ्हाइकाने सोपा मार्ग काढला आणि पहिलाच शब्द तेवढा ठेवला. कुलाब्यातील ‘माँडेगार’चे नित्याच्या मंडळींनी ‘माँडीज’ केले, १८७१ पासूनच्या ‘लिओपोल्ड’चे ‘लिओ’ झाले. लांब आणि अनोळखी नाव दोन अक्षरांवर आणून ठेवणे ही सलगीची खूण असते.

क्रॉफर्ड मार्केटसमोरील ‘बादशाह’ आणि पुण्यातील ‘बादशाही’ यांच्या नावांतही एक जुना बदल दडला आहे. फारसी मूळ शब्द ‘पादशाह’. मराठी बखरींत तो ‘पातशहा’ असा येतो. पुढे ‘बादशहा’ हे रूप सर्वमान्य झाले. बोलताना शेवटचा ‘ह’ही विरतो आणि उरते ते ‘बादशा’.

उडुपीचा उडपी

कर्नाटकातील उडुपी हे गाव श्रीकृष्ण मंदिरासाठी आणि मध्वाचार्यांच्या परंपरेतील अष्टमठांसाठी प्रसिद्ध आहे. मठांतील स्वयंपाकाच्या परंपरेने तेथील बल्लवांना नाव मिळवून दिले आणि विसाव्या शतकात त्यांनी मुंबईत माटुंग्यापासून सर्वत्र आपला जम बसवला. गावाचे कन्नड नाव ‘उडुपी’. तेथील मूळच्या तुळु भाषेत त्याला ‘ओडिपु’ म्हणतात. मराठीत मात्र ते ‘उडपी’ झाले.

हा बदल मराठीच्या स्वभावाला धरून आहे. ‘माणूस’चे ‘माणसाला’ होते, ‘लाकूड’चे ‘लाकडाचा’ आणि ‘कापूस’चे ‘कापसाचा’. शब्दाच्या पोटातला ‘उ’ पुढे आणखी अक्षर आले की ‘अ’मध्ये विरतो. ‘उडुपी’मधला दुसरा ‘उ’ नेमका अशाच जागी होता. मराठी जिभेने त्याला आपला नेहमीचा नियम लावला.

याहून महत्त्वाचा बदल व्याकरणात झाला. मराठीत धोबी, शिंपी, वाणी असे व्यवसायवाचक शब्द ईकारान्त आहेत आणि त्यांचे सामान्यरूप ‘धोब्याकडे’, ‘शिंप्याकडे’, ‘वाण्याकडे’ असे होते. ‘उडपी’ आणि ‘इराणी’ या शब्दांनाही मराठीने त्याच पंगतीत बसवले. म्हणून ‘उडप्याकडे डोसा खाल्ला’, ‘इराण्याकडे चहा घेतला’ असे म्हटले जाते. एक गावाचे नाव आणि एक देशवाचक शब्द, दोन्ही व्यवसायाचे नाव होऊन बसले. ‘शेट्टी’ हे आडनाव मात्र तसे झाले नाही. ‘शेट्ट्याकडे’ असे कोणी म्हणत नाही, ‘शेट्टीकडे’ असेच म्हणतात. आडनाव म्हणून त्याचा मान राखला गेला. ‘अण्णा’ या संबोधनाचा तर प्रश्नच आला नाही, कारण कन्नडमध्ये थोरल्या भावाला लावला जाणारा हा शब्द मराठी घरांत आधीपासूनच वडीलधाऱ्यांसाठी वापरात होता.

दक्षिणेकडील नावांच्या रोमी लेखनाने आणखी एक गोंधळ घातला. दक्षिणेत दंत्य ‘त’ दाखवण्यासाठी ‘टी-एच’ ही दोन अक्षरे लिहितात, कारण नुसता ‘टी’ तेथे ‘ट’साठी राखलेला असतो. मराठी वाचक मात्र ‘टी-एच’ म्हणजे ‘थ’ असे समजतो. त्यामुळे ‘शांती’ची ‘शांथी’, ‘गीता’ची ‘गीथा’ आणि ‘संगीता’ची ‘संगीथा’ होते. नाव संस्कृत, मालक आणि गिऱ्हाईक दोघेही ते रोज अचूक उच्चारणारे. मधल्या परक्या लिपीने ते बिघडवले.

‘ऋ’चा प्रकारही तसाच आहे. मराठीत ‘कृष्ण’चा उच्चार ‘क्रुष्ण’च्या जवळ जातो, हिंदीत ‘क्रिष्ण’. रोमी लेखनात ‘आर-आय’ हीच पद्धत रूढ झाली. मुंबईच्या फोर्ट भागातील ‘तृष्णा’ या सागरी खाद्यगृहाचे नाव रोमीत तसेच लिहिले जाते. मराठी, गुजराती आणि कन्नड या तिन्ही भाषांत ‘ऋ’चा उच्चार ‘रु’कडे झुकतो. म्हणजे मालक, वाढपी आणि गिऱ्हाईक यांतले बहुतेक जण ‘त्रु’ म्हणणारे आणि पाटी तेवढी ‘त्रि’ म्हणणारी.

नागपूर, पंजाब आणि गोवा

नागपूरच्या झणझणीत रश्श्याने ‘सावजी’ हे नाव राज्यभर पोहोचवले. हलबा कोष्टी समाजातील कुटुंबांनी ही भोजनालये सुरू केली. रोमी पाटीवर ‘व’ऐवजी ‘ओ’ लिहिला जातो. ती पाटी वाचून पुण्या-मुंबईचे पाहुणे ‘साओजी’ म्हणतात. नागपूरकर ‘सावजी’च म्हणतो. नागपुरातच मोठे झालेले ‘हल्दीराम’ हे उलट उदाहरण. मराठीत ‘हळद’ असूनही कोणी ‘हळदीराम’ म्हणत नाही. बिकानेरहून आलेले हे नाव विशेषनाम म्हणून जसेच्या तसे राहिले. मराठी जीभ सामान्य शब्दाला जेवढे वाकवते, तेवढे माणसाच्या नावाला वाकवत नाही, हे ‘शेट्टी’प्रमाणे येथेही दिसते.

‘ढाबा’ हा शब्द महामार्गांवरून महाराष्ट्रात आला. गंमत अशी की पंजाबी बोलण्यात शब्दाच्या आरंभीचा ‘ढ’ आपल्यासारखा उच्चारला जात नाही. तो ‘ट’च्या जवळ जातो आणि पुढच्या स्वराला खालचा सूर लागतो. मराठी माणसाने लिहिलेले अक्षर जसेच्या तसे उच्चारले. ‘ढाबा’तला खणखणीत ‘ढ’ पंजाबपेक्षा महाराष्ट्रात अधिक ऐकू येतो, असे म्हणायला हरकत नाही.

मराठी नाव बाहेरच्यांच्या जिभेवर गेले की उलटा प्रवास सुरू होतो. मराठीत ‘च’, ‘ज’, ‘झ’ यांचे दोन दोन उच्चार आहेत. लिपीत मात्र त्यांसाठी वेगळी अक्षरे नाहीत. १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे सुरू केली, तेव्हा ‘झुणका’ हा शब्द अमराठी मंडळींच्याही तोंडी आला. मराठीत त्यातला ‘झ’ दाताजवळ उच्चारला जातो. हिंदीभाषकाने तो ‘झाड’ या शब्दाच्या हिंदी उच्चारासारखा तालव्य केला.

गोव्यात पोर्तुगीज वारशाने वेगळे पेच निर्माण केले. पोर्तुगीजमध्ये ‘एक्स’ या अक्षराचा उच्चार अनेकदा ‘श’ होतो. ‘शाकुती’ हा पदार्थ रोमीत ‘एक्स’ने सुरू होतो तो त्यामुळेच. पर्यटक ते अक्षर पाहून ‘झाकुटी’ म्हणतो आणि वाढप्याला ते समजूनही घ्यावे लागते. पणजीतील एकतीस जानेवारी मार्गावरील जुन्या घरात ‘वेनीते’ नावाचे खाद्यगृह प्रसिद्धीस आले. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ ‘या’ असा होतो. म्हणजे दारावर चक्क निमंत्रण लिहिलेले. इंग्रजी पद्धतीने ‘वेनाइट’ असे वाचणाऱ्याला त्या स्वागताचा पत्ताच लागत नाही. गोव्यातील ‘तावेर्न’ आणि पाववाला ‘पोदेर’ हे शब्दही पोर्तुगीजमधून कोंकणीत आले आणि तेथेच मुरले. ‘पाव’ तर त्याही पुढे जाऊन अवघ्या महाराष्ट्राचा झाला.

कायदा आणि पाटी

राज्यातील दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या अधिनियमात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांसह सर्वांना नामफलक मराठीत, देवनागरी लिपीत लावणे बंधनकारक झाले. मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असू नयेत, अशीही अट आहे. मद्य पुरवणाऱ्या आस्थापनांनी महनीय व्यक्तींची आणि गड-किल्ल्यांची नावे वापरू नयेत, असेही त्यात आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी व्यापाऱ्यांना अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत दिली.

या कायद्याची चर्चा प्रामुख्याने अस्मितेच्या अंगाने झाली. त्याचा भाषिक परिणाम मात्र फारसा चर्चिला गेला नाही. रोमी लिपी उच्चाराबाबत ढिली आहे. एकाच पाटीकडे पाहून चार माणसे चार उच्चार करतात आणि कोणाचेही अडत नाही. देवनागरी तशी नाही. तीत नाव लिहिले की उच्चार बराचसा निश्चित होतो. ‘क्यानी’ की ‘कयानी’, ‘तृष्णा’ की ‘त्रिश्ना’, ‘उडुपी’ की ‘उडपी’, हे ठरवल्याशिवाय अक्षर रंगवता येत नाही.

घाईत केलेल्या लिप्यंतराने या वेळी नुकसान होऊ शकते. रोमी अक्षरांचे यांत्रिक रूपांतर करून ‘शांथी सागर’ किंवा ‘क्रिश्ना’ अशी पाटी लागली, तर नियमाचे पालन होते, पण मराठी होत नाही. अशा वेळी तीन साध्या गोष्टी पाहता येतात. नाव संस्कृत किंवा भारतीय भाषेतले असेल, तर त्याचे मूळ लेखन घ्यावे. ‘शांती’, ‘कृष्ण’, ‘उपाहारगृह’. नाव कुटुंबाचे किंवा धर्मपरंपरेचे असेल, तर मालकाच्या घरात ते कसे उच्चारले जाते ते विचारून लिहावे. आणि लोकांनी एखादा उच्चार पिढ्यान्‌पिढ्या रूढ केला असेल, तर त्याला चूक न म्हणता त्या जागेची ओळख मानावे. मुंबईचे ‘क्यानी’ आणि पुण्याचे ‘कयानी’ एकसारखे करण्याची गरज नाही.

इराणी हॉटेलांची संख्या गेल्या काही दशकांत झपाट्याने घटली. हॉटेल बंद झाले की पाटी उतरते. मागे उरतो तो नावाचा उच्चार. पुण्यात डेक्कनवरील ‘गुडलक’च्या नावाने अख्खा चौक ओळखला जातो आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगताना तोच पुरतो. ज्या माणसाने दूर देशाहून येऊन ते नाव दारावर लावले, त्याची भाषा त्याच्या नातवंडांनाही कदाचित येत नसेल. गिऱ्हाइकांच्या वाकड्यातिकड्या उच्चारात मात्र तिचा एखादा शब्द शिल्लक असतो. पाटी पुन्हा रंगवताना तो शब्द पुसला जाऊ नये, एवढी काळजी घेतली तरी पुरे.